‘ही ऑर्डर आता तू सांभाळ’ : मेंटॉरकडून प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि निर्णय घेणं कसं शिकायचं

नाशिककडच्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या कंपनीत दोन-तीन वर्षं झालेल्या इंजिनिअरला साहेब केबिनमध्ये बोलावतात आणि म्हणतात, "ही ऑर्डर आता तू सांभाळ." कालपर्यंत तो ड्रॉइंग करत असतो किंवा क्वालिटीत मोजमापं घेत असतो. आज त्याच्याकडे पीओची (ग्राहकाच्या खरेदी-ऑर्डरची) प्रत, ग्राहकाचा मोबाइल नंबर आणि डिलिव्हरीची तारीख येते. कॉलेजात प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा एखादा पेपर दिलेला असतो, पण सप्लायर फोन उचलत नाही आणि ग्राहक रोज दोनदा फोन करतो, अशा वेळी आधी काय करायचं, हे त्या पेपरात नव्हतं. हे शिकायचं तर ज्याने अशी पन्नास कामं पार पाडली आहेत त्याच्याजवळ बसावं लागतं.

नुसतं बसून मात्र भागत नाही. मेंटॉरकडे "काय करू?" असं विचारत गेलात तर उत्तर मिळेल, काम पुढे सरकेल आणि पुढच्या अडचणीला तुम्ही पुन्हा त्याच दारात उभे असाल. "मी असं ठरवलंय, या कारणासाठी ठरवलंय, यात काय सुटलंय ते सांगा" असं म्हणत गेलात तर तुमचा विचार तपासला जातो, आणि निर्णय घेणं शिकायचा मला तरी दुसरा मार्ग माहीत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या याच सवयीसाठी आहेत.

पहिली पायरी : मेंटॉर शोधण्याआधी हातातलं काम कागदावर आणा

चालू असलेलं एकच काम निवडा. शक्यतो दोन-तीन महिन्यांत संपणारं घ्या, म्हणजे निकालही लवकर दिसतो. एका पानावर लिहा: काय द्यायचं आहे, कधी द्यायचं आहे, किती पैशांत बसवायचं आहे आणि "झालं" असं कोण म्हणणार आहे. शेवटचा प्रश्न नवखे हमखास सोडतात. माल गेटबाहेर पडला की काम झालं, की ग्राहकाच्या साइटवर चालू झाल्यावर झालं, की शेवटचं बिल पास झाल्यावर? यावर आधीच एकमत नसेल तर भांडण शेवटच्या आठवड्यात होतं.

मग स्वतःला विचारा: काम, वेळ आणि पैसा या तिघांत काय हलू शकत नाही? नाशिकमध्ये याचं ठळक उदाहरण सिंहस्थ कुंभमेळा आहे. गुरू सिंह राशीत आला की १२ वर्षांनी पर्वणी येते. २०१५ नंतर आता २०२७. कोणत्याही ठेकेदाराला ती तिथी पुढे ढकलून मिळत नाही. अशा कामात वेळ पक्का असतो, म्हणून ताण आला की एकतर पैसा वाढतो किंवा कामाची यादी आखूड होते. यादीतून काय गळालं तरी चालेल हे पहिल्या महिन्यात ठरवलं तर तो निर्णय असतो. शेवटच्या महिन्यात ठरवायला गेलात तर हाताला लागेल ते गळतं. घाटाच्या पायऱ्या वेळेत हव्यातच, सुशोभीकरणाचे दिवे नंतरही लावता येतात. आपल्या कामातल्या पायऱ्या कोणत्या आणि दिवे कोणते, ते लिहून ठेवा.

हे पान घेऊन जाणाऱ्या मुलाला अनुभवी माणूस वेळ देतो. "सर, मला गाइड करा" एवढंच म्हणणाऱ्याला काय सांगावं, हे त्यालाही कळत नाही.

दुसरी पायरी : योग्य माणूस शोधा

पहिला शोध आपल्याच कंपनीत घ्या, पण थेट वरिष्ठ शक्यतो टाळा. तुमचं अप्रेझल ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर "मला हे समजत नाही" म्हणायला जीभ अडखळते, आणि ते स्वाभाविक आहे. शेजारच्या विभागातला कुणी, प्लॅनिंगमधल्या जुन्या मॅडम किंवा पर्चेसमधले पंधरा वर्षं मुरलेले गृहस्थ जास्त उपयोगी पडतात. पर्चेसच्या माणसांना नवखे कमी लेखतात याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. कोणता सप्लायर दिलेल्या तारखेला माल देतो आणि कोणाच्या तारखेत आठवडा मिळवायचा, हे कारखान्यात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

कंपनीबाहेर पाहायचं तर नाशिक या बाबतीत श्रीमंत आहे. ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना १९६४ पासून आहे. सातपूरला बॉश (जुन्या लोकांच्या तोंडी अजून मायको) आणि महिंद्रा आहेत. तिथून निवृत्त झालेले इंजिनिअर, सुपरवायझर, प्लॅनर याच शहरात राहतात, तब्येतीने ठणठणीत असतात आणि कामाविषयी कुणी मनापासून विचारलं तर तास-तास बोलतात. सकाळी गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर चालणाऱ्यांत अशी बरीच मंडळी भेटतील. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यक्रमांना जात राहा. भाषण ऐकून लगेच निघू नका, चहाच्या वेळी ओळखी होतात. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पाच-सात वर्षं पुढे असलेला कुणी सापडला तर तोही चालेल, किंबहुना काही बाबतींत तो बरा, कारण तुमच्या आजच्या अडचणी त्याला ताज्या आठवत असतात.

निवडताना पद पाहू नका. बोलता बोलता विचारा, "सर, तुमचं एखादं फसलेलं काम कसं फसलं?" जो माणूस त्यावेळी काय माहीत होतं, काय नव्हतं आणि मग काय ठरवलं हे उलगडून सांगतो, तो तुम्हाला शिकवू शकतो. सगळा दोष सप्लायरवर आणि मॅनेजमेंटवर टाकून जो मोकळा होतो, त्याच्याशी गप्पा छान होतील, पण तेवढंच.

एक पथ्य कडक पाळा. मेंटॉर बाहेरचा असेल तर ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग आणि दर त्याला दाखवू नका. "एक ग्राहक", "एक महागडा भाग" असं म्हणूनही चर्चा उत्तम होते. नाशिकचं औद्योगिक वर्तुळ लहान आहे. इकडचं तिकडे जायला वेळ लागत नाही, आणि तुमचा शब्द एकदा हलका ठरला की तो परत जड होत नाही.

तिसरी पायरी : मागणं छोटं ठेवा

"माझे मेंटॉर व्हाल का?" हा प्रश्न समोरच्याला अवघडवतो. होकार म्हणजे नेमकं काय, किती दिवस, हे त्याला दिसत नाही. त्याऐवजी असा मेसेज पाठवा:

"नमस्कार सर. मी अंबडला एका पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट इंजिनिअर आहे. पहिल्यांदाच एक पूर्ण ऑर्डर माझ्याकडे आली आहे. मी वेळापत्रक बनवलं आहे, ते एका पानाचं आहे. ते पाहून कुठे कच्चं आहे हे सांगायला तुम्ही अर्धा तास द्याल का? तुम्हाला सोयीचं असेल तिथे आणि त्या वेळी मी येईन."

भेट झाली की दोन दिवसांत कळवा: तुम्ही हे सुचवलंत, त्यातलं हे केलं, हे जमलं नाही. बहुतेक मुलं इथेच कमी पडतात. सल्ल्याचं पुढे काय झालं हे कळलं की अनुभवी माणसाला तुमच्यात रस वाटू लागतो आणि दुसऱ्या भेटीसाठी विनंती करावी लागत नाही. पंधरा दिवसांतून एकदा, पाऊण तास, एवढं पुरतं.

चौथी पायरी : वेळापत्रक त्याच्यासमोर मोडून घ्या

इथे थोडं थांबू, कारण इथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

वर म्हटल्यासारखी कंट्रोल पॅनेलची ऑर्डर घेऊ. ग्राहकाकडून ड्रॉइंग मंजूर व्हायला १ आठवडा. मंजुरीनंतर दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात: ब्रेकर (बिघाड झाला की वीज तोडणारे स्विच) मागवायचे, त्याला ६ आठवडे, आणि पॅनेलचं कपाट बनवायचं, त्यात फॅब्रिकेशनचे ३ आणि पावडर कोटिंगचा १ असे ४ आठवडे. दोन्ही आलं की जोडणी आणि वायरिंग २ आठवडे, शेवटी टेस्टिंग आणि ग्राहकाचं इन्स्पेक्शन १ आठवडा. ब्रेकरच्या वाटेने बेरीज केली तर १, ६, २ आणि १ मिळून १० आठवडे. कपाटाच्या वाटेने १, ४, २ आणि १ मिळून ८. म्हणजे काम १० आठवड्यांच्या आत संपत नाही आणि कपाटाच्या वाटेवर २ आठवड्यांची मोकळीक आहे.

सगळ्यात लांब वाटेला क्रिटिकल पाथ म्हणतात. ही रीत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत बसवली गेली. कारखान्याची देखभाल-दुरुस्ती करताना सगळीच कामं घाईने उरकण्यात पैसा वाया जातो, मोजकीच कामं लवकर केली तरी एकूण वेळ कमी होतो, हे त्यातून दिसलं.

आता नवखा काय करतो पाहा. फॅब्रिकेशनवाला चार दिवस मागे पडला की त्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन वाद घालतो, कारण तो जवळ आहे, त्याचं काम डोळ्यांना दिसतं. ब्रेकरचा सप्लायर मात्र मेलवर "ऑन ट्रॅक" लिहितो आणि तेवढ्यावर सगळे निश्चिंत. प्रत्यक्षात कपाट चार दिवस लांबल्याने काहीच बिघडत नाही. ब्रेकर चार दिवस लांबले तर डिलिव्हरी चार दिवस लांबते. तुमचं वेळापत्रक पाहून चांगला मेंटॉर पहिला प्रश्न हाच करेल: "यातल्या कोणाचा उशीर आपल्याला परवडत नाही?" त्याचं उत्तर तयार ठेवून जा.

ड्रॉइंगच्या मंजुरीचा आठवडाही त्याच लांब वाटेवर आहे, आणि तो ग्राहकाच्या हातात आहे. मंजुरीला तीन दिवस उशीर झाला तर त्याच दिवशी सभ्य शब्दांत मेल जायला हवा: मंजुरी अमुक तारखेला मिळाली, त्यानुसार डिलिव्हरी अमुक तारखेला. दहाव्या आठवड्यात हे सांगितलं तर ती सबब वाटते.

मेंटॉरची खरी किंमत मात्र पुढच्या प्रश्नात कळते. तो विचारेल, "ब्रेकर यायच्या आधी कपाट तर तुझ्याकडे पडून आहे. बसबार (वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या), माउंटिंग प्लेट, कंट्रोल वायरिंग यांतलं किती उरकता येईल?" वायरमनला विचारलं तर कदाचित जोडणीच्या २ आठवड्यांतला निम्मा भाग आधी होतो असं निघेल. तसं असेल तर ज्या मोकळीकीत तुम्ही निवांत बसणार होतात तीच वापरून आठवडाभराची बचत झाली. हे शॉपमध्ये उभं राहिलेल्या माणसालाच सुचतं, सॉफ्टवेअरला नाही.

पाचवी पायरी : एक आकडा सांगायची सवय सोडा

"कोटिंगला किती दिवस?" "चार." असा एकच आकडा सांगितला की तो वचन होतो. त्याऐवजी तीन आकडे काढा: सगळं जुळून आलं तर २ दिवस, नेहमीचं ४, सगळं बिघडलं तर १२. मग पहिला आकडा, नेहमीच्या आकड्याची चौपट आणि शेवटचा आकडा यांची बेरीज करून ६ ने भागा. २, १६ आणि १२ मिळून ३०. म्हणजे ५ दिवस. अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ मध्ये तयार झालेल्या पर्ट पद्धतीतलं हे सूत्र आहे.

सूत्र सोपं आहे, पण १२ हा आकडा खरा आहे का, हे मेंटॉरला विचारायचं असतं. आपलं काम इतरांपेक्षा लवकर होईल असं माणसाला वाटतंच. डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला नियोजनाचा भ्रम म्हटलं. त्यावर उतारा म्हणजे आपल्या कामाच्या तपशिलात शिरण्याआधी, अशी आधीची पाच कामं प्रत्यक्षात किती दिवसांत झाली ते पाहणं. ही माहिती नव्या माणसाकडे नसते, जुन्याकडे असते. स्टोअरच्या रजिस्टरमध्येही असते. एक दुपार काढून ते चाळा.

सहावी पायरी : निर्णयाची वही ठेवा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. साधी दोनशे पानी वही पुरे. प्रत्येक मोठ्या निर्णयाला अर्धं पान: तारीख, काय ठरवलं, दुसरे कोणते पर्याय होते, हाच का निवडला, त्या वेळी काय माहीत नव्हतं, काय होईल असं वाटतं आणि कधीपर्यंत. आपली खात्री किती तेही टक्क्यांत लिहा. "बहुतेक येईल माल" आणि "७० टक्के खात्री आहे" यांत फरक आहे. दुसरं लिहिताना मन थांबून विचार करतं.

निकाल लागायच्या आधी हे पान मेंटॉरला दाखवा. निकाल लागल्यावर दाखवलं तर चर्चा निकालावर होते, निर्णयावर होत नाही.

हा फरक आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदाराइतका नेमका क्वचितच कुणी जाणत असेल. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात काही जण फळछाटणी लवकर उरकतात, म्हणजे माल बाजारात लवकर येतो आणि भाव चांगला मिळतो. पण बाग फुलोऱ्यात असताना पाऊस आला तर डावणी रोग आणि गळकूज घड संपवतात. निफाड-दिंडोरीकडे बहुतेकांची छाटणी ऑक्टोबरच्या आसपास होते, त्यात पावसाचा धोका कमी, पण माल सगळ्यांबरोबर बाजारात. समजा एकाने लवकर छाटली आणि पावसाने बाग गेली. निर्णय चुकला का? त्याने आधीच्या वर्षांचा पाऊस पाहिला होता, फवारणीची तयारी होती, थोडी बाग उशिरा छाटायला ठेवली होती आणि एक हंगाम बुडाला तरी घर चालेल इतकी शिल्लक होती, तर निर्णय चांगला होता, निकाल वाईट लागला. शेजाऱ्याने केलं म्हणून कर्ज काढून सगळी बाग लवकर छाटली आणि पाऊस आलाच नाही, तर पैसे मिळाले तरी निर्णय कच्चाच होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा तसंच करेल, ही त्यातली खरी भीती.

कारखान्यातही हेच होतं. नव्या सप्लायरला अख्खी ऑर्डर देऊन माल वेळेवर आला की शाबासकी मिळते आणि सवय लागते. वहीत "दुसरा पर्याय तपासला नाही" असं लिहिलेलं असेल तर मेंटॉर शाबासकीच्या दिवशीच त्यावर बोट ठेवेल.

वही भरू लागली की निर्णयांचे दोन ढीग दिसतील. काही मागे घेता येतात: कोणत्या वायरमनला कोणतं पॅनेल द्यायचं, मिटिंग सोमवारी की बुधवारी. ते स्वतः, लगेच घ्या. असे प्रश्न मेंटॉरकडे नेणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं. काही मागे घेता येत नाहीत: तांब्याचा बसबार कापणं, रद्द न होणारी ऑर्डर देणं, ग्राहकाला लेखी तारीख देणं. तिथे एक रात्र जाऊ द्या आणि ते पान दाखवल्याशिवाय सही करू नका.

सातवी पायरी : काम सुरू होण्याआधी ते फसलं असं माना

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी मांडलेली ही रीत आहे. टीमला बसवा आणि म्हणा, "सहा महिने झालेत, काम पूर्ण फसलंय. का फसलं, प्रत्येकाने पाच मिनिटांत लिहा." "काही अडचण आहे का?" असं विचारलं तर सगळे मान हलवतात. फसलंच आहे असं गृहीत धरलं की ज्युनिअर मुलगाही मनातली भीती लिहितो, कारण आता ती अपशकुन राहत नाही. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरीत ३९ जणांचा जीव गेला. तेव्हापासून या शहरात गर्दीच्या कोणत्याही आखणीत अरुंद गल्लीचा प्रश्न आधी विचारावा लागतो, आणि विचारायलाच हवा. आपल्या कामात जीव पणाला नसेलही, पण अरुंद गल्ली कुठेतरी असतेच. आलेली यादी मेंटॉरसमोर ठेवा आणि कोणत्या तीन कारणांवर आजच पैसा किंवा वेळ खर्च करायचा ते तुम्ही सुचवा.

आठवी पायरी : त्याच्या मिटिंगला मागे बसा

मेंटॉर कंपनीतलाच असेल तर सप्लायरशी किंवा ग्राहकाशी होणाऱ्या एखाद्या कठीण बैठकीला मागे बसू देण्याची विनंती करा. बदल्यात मिनिट्स (बैठकीत काय ठरलं त्याची नोंद) लिहून द्या. बोलू नका. तो कुठे गप्प राहतो, कोणता प्रश्न दोनदा विचारतो, "बघतो" असं उत्तर आलं की "कोण बघणार आणि कधीपर्यंत?" हे न दुखावता कसं काढून घेतो, याकडे लक्ष द्या. बाहेर आल्यावर एकच प्रश्न विचारा: "सर, तुम्ही अमुक ठिकाणी माघार घेतलीत, ती का?"

नववी पायरी : सल्ला पटला नाही तर

असं होणार. मेंटॉरचा अनुभव त्याच्या काळातला, त्याच्या कंपनीतला आहे. वीस माणसांच्या युनिटला मोठ्या कारखान्याची कागदपत्रं झेपत नाहीत. उलट जुन्या माणसाला फोनवरचा शब्द पुरेसा वाटतो, तुम्हाला आज मेल लागतो. सल्ला वहीत लिहा, तो का पाळत नाही हेही लिहा आणि त्यालाच तसं सांगा: "सर, तुमचं म्हणणं समजलं, पण आमच्याकडे स्टोअरला एकच माणूस आहे, म्हणून मी असं करतोय." चांगला मेंटॉर यावर रागावत नाही. न सांगता परस्पर वेगळं केलेलं मात्र त्याला खुपतं.

शेवटी जबाबदारी तुमचीच. साहेबांसमोर "अमुक सरांनी सांगितलं होतं" हे वाक्य कधीही वापरू नका.

प्रमाणपत्राचं काय?

घाई नको. पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) परीक्षेला बसायला पदवीधराला प्रोजेक्ट सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. पदविका असेल तर अनुभव जास्त लागतो. नवख्यांसाठी त्याच संस्थेची सीएपीएम परीक्षा आहे, तिला असा अनुभव लागत नाही. नियम बदलत असतात, म्हणून फी भरण्याआधी संस्थेच्या वेबसाइटवर पाहून घ्या. पीएमआयचे पुणे आणि मुंबईचे चॅप्टर कार्यक्रम घेतात, तिथे ओळखीही होतात.

पीएमपीच्या अर्जात प्रत्येक प्रोजेक्टचं उद्दिष्ट, तुमची भूमिका आणि निकाल थोडक्यात लिहावा लागतो, आणि काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात. तीन वर्षांपूर्वीच्या ऑर्डरचा तपशील तेव्हा आठवत बसावा लागतो. तुमच्याकडे वही असेल, तर पहिल्या पायरीतलं ते एक पानही तिच्यातच चिकटवून ठेवा आणि प्रत्येक काम संपल्यावर प्रत्यक्ष तारीख, प्रत्यक्ष खर्च आणि त्या कामाबद्दल सांगू शकणाऱ्या वरिष्ठाचं नाव खाली लिहा.